काठी उचलली आणि माकड नाव वल्हवायला लागलं

हे लिहायचं लिहायचं म्हणून कित्येक वर्षं राहून गेलंय, आज ऑफिसला सुट्टी आहे आणि घरात कोणी नाही, तर लिहूनच टाकते.

२०१२ चा शरद ऋतू. आम्हाला टोकियोत येऊन दोन वर्षं झाली होती, लेक चार वर्षांची होती आणि माझं जपानी भाजी घेण्यापुरतं आणि पाळणाघरातल्या बाईंशी बोलण्यापुरतं होतं. आमच्याच मजल्यावर एक आजी राहायच्या, सत्तरीच्या, रोज सकाळी खिडकीशी बसून खालच्या पट्टीत काहीतरी लांबलचक म्हणायच्या. मला आधी वाटलं स्तोत्र वगैरे असेल. नंतर कळलं की ते नोह नाटकातलं, म्हणजे जपानच्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकातलं गायन, त्याला उताई म्हणतात, आणि आजी कित्येक वर्षं एका गुरूंकडे हौस म्हणून ते शिकत होत्या. त्यांनीच एक दिवस बेल वाजवून सांगितलं की रविवारचं एक तिकीट जास्तीचं आहे, क्योगेन आहे, हसायचं नाटक असतं, भाषा नाही कळली तरी चालेल, चल.

सेंदागायाला राष्ट्रीय नोह रंगमंदिर आहे, १९८३ साली उघडलेलं. आत गेलं की पहिल्यांदा गोंधळायला होतं कारण इमारतीच्या आत परत एक छप्पर असलेलं लाकडी स्टेज, चार खांब, मागच्या भिंतीवर रंगवलेलं एकच मोठं पाइनचं झाड, आणि डावीकडून स्टेजपर्यंत येणारा लांब पुलासारखा रस्ता, हाशिगाकारी. समोरचा पडदा नाहीच. सेट नाही, लाइट बदलत नाहीत. नट त्या पुलावरून चालत येतात आणि चालत जातात, एवढंच.

त्या दिवशी होतं 'उत्सुबोझारू'. उत्सुबो म्हणजे बाणांचा भाता आणि सारू म्हणजे माकड. गोष्ट अगदी छोटी आहे. एक दाइम्यो, म्हणजे सरदार, आपल्या नोकराला घेऊन शिकारीला निघालाय, वाटेत त्याला माकडवाला भेटतो. सरदाराला वाटतं ह्या माकडाचं कातडं आपल्या भात्यावर काय सुंदर दिसेल. तो कातडं मागतो. माकडवाला आधी थट्टा समजतो, मग नाही म्हणतो, तर सरदार धनुष्याला बाण लावतो, दोघांनाही मारतो म्हणतो. शेवटी माकडवाला म्हणतो की बाणाने कातड्याला भोक पडेल, त्यापेक्षा मीच एका घावात मारतो. मग तो माकडाला जवळ घेऊन समजावतो, अरे तुला एवढासा होतास तेव्हापासून वाढवलं, खेळ शिकवले, आज माझा नाइलाज आहे, माझ्यावर राग धरू नको. आणि काठी उचलतो.

आणि माकड काय करतं, तर काठी वर गेली म्हणजे खेळाची खूण झाली असं समजून नाव वल्हवायला लागतं! त्याला शिकवलेला खेळच तो. काठी हातात घेतं आणि वल्हवतं. माकडवाला तिथेच खाली बसतो आणि रडायला लागतो, म्हणतो ह्याला कळतसुद्धा नाही आपल्याला मारतायत ते, मला नाही जमणार.

ते माकड म्हणजे चार वर्षांचा मुलगा होता. तोंडावर माकडाचा मुखवटा, अंगभर माकडाचा पोशाख, कमरेला दोरी. माकडवाला त्याचे आजोबा. बाण रोखून उभा असलेला सरदार म्हणजे त्याचे वडील. हे आजींनी माझ्या कानात अगदी त्याच क्षणी सांगितलं, काठी वर असताना, आणि मग पुढचं मला काही नीट दिसलं नाही कारण डोळे भरून आले होते. माझी लेक त्याच वयाची, त्या वेळी घरी बाबाजवळ झोपलेली असणार, एवढंच डोक्यात.

(त्या कुटुंबाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. मुलगा आता मोठा होतोय, त्याचं त्याला असू दे.)

नाटक गोड संपतं, सरदारालाही रडू येतं, तो माकडाला सोडतो, माकडवाला आनंदाने गातो, माकड नाचतं, आणि सरदार इतका खूश होतो की आपला पंखा, तलवार, अंगावरचे कपडे देऊन टाकतो आणि शेवटी स्वतःच माकडासारखा नाचायला लागतो. म्हणजे बाप मुलाची नक्कल करतोय. प्रेक्षक हसत होते, मीही हसले, पण ते आधीचं काही जाईना.

बाहेर पडल्यावर आजींनी मला ती म्हण सांगितली जी क्योगेनच्या घरांमध्ये सगळ्यांना पाठ असते: माकडापासून सुरुवात, कोल्ह्यापाशी शेवट. क्योगेनच्या घरात जन्मलेलं मूल तीन ते पाच वर्षांचं असताना ह्याच नाटकात माकड होऊन पहिल्यांदा उभं राहतं. आणि विशीत कधीतरी 'त्सुरीगित्सुने' करतं, त्यातला म्हातारा कोल्हा म्हातारबुवा भिक्षूचं रूप घेऊन पारध्याकडे जातो आणि त्याला कोल्ह्यांना मारू नको म्हणून समजावतो, पण परत जाताना वाटेत सापळ्यातल्या आमिषाच्या वासाने त्याचा स्वतःचाच जीव राहत नाही. नटाला आत कोल्ह्याचा पोशाख घालून त्यावर भिक्षूचे कपडे घालावे लागतात, मुखवट्यावर मुखवटा, आणि कंबर वाकवून, शरीर आखडून इतका वेळ काढायचा असतो की ते नाटक म्हणजे शिक्षण पूर्ण झाल्याची परीक्षाच मानतात. ते झालं की मग माणूस क्योगेनचा नट. मधली पंधरा-अठरा वर्षं शिकण्याची.

क्योगेनचे मोठे नट नोमुरा मानसाकू १९३१ चे, तिसऱ्या वर्षी स्टेजवर आले. त्यांचा मुलगा मानसाई १९६६ चा, तोही तिसऱ्या वर्षी माकड झाला. मानसाईंचा मुलगा १९९९ चा, त्याचंही तेच, तिसरं वर्ष, माकड. मानसाकूंना २००७ मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा सन्मान मिळाला आणि त्यानंतरही ते काम करत राहिले. तीन पिढ्या एका स्टेजवर, आणि तिघांचीही सुरुवात एकाच मुखवट्यामागून.

शिकवतात कसं, तर पुस्तक नाही. मोठा माणूस गुडघे मुडपून बसतो, समोर मूल तसंच बसतं, मोठा एक ओळ म्हणतो, मूल ती तशीच्या तशी परत म्हणतं. चढउतार, श्वास, थांबा, सगळं तसंच. ह्याला ते तोंडातून तोंडात देणं म्हणतात. भाषा काही शतकं जुनी, मुलाला अर्थ काहीच लागत नाही. हसायचंसुद्धा ठरलेलं, कुठून सुरू करायचं आणि कसं वाढवत न्यायचं, आणि रडायचंही ठरलेलं, हात डोळ्यांजवळ न्यायचा आणि एक विशिष्ट आवाज काढायचा. आधी रडण्याचा आकार शिकायचा, रडू नंतर कधीतरी आयुष्यात येईलच. आपल्याकडे बाळकडू म्हणतात ना, ते अगदी खरंखुरं हे असं असतं.

ट्रेनमध्ये मी आजींना न राहवून विचारलं, माझ्या मोडक्या जपानीत, की ह्या मुलाला कोणी विचारलं का, तुला हे करायचंय का म्हणून?

आजी खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं दुखावलं मी त्यांना. मग म्हणाल्या, "रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून तुझा आवाज येतो. मग बाळाचा. मग परत तुझा, मग परत बाळाचा. काय करता गं?"

मी सांगितलं, मराठी शिकवते. मी म्हणते, ती माझ्यामागून म्हणते.

"तिला विचारलंस?"

मी गप्पच बसले. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला ते पटलं नव्हतं आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाहीये, कारण भाषा घरात बोलायची असते, भाषेसाठी कोणी चार वर्षांच्या पोराला शेकडो लोकांसमोर उभं करत नाही, आणि मराठी सोडून दिली म्हणून माझी लेक काही घर बुडवणारी ठरणार नाही. त्या मुलाच्या अंगावर मात्र पहिल्या दिवसापासून आख्खं घराणं असतं. तो नापास झाला तर आजोबांच्याही मागचे सगळे नापास.

त्यानंतर मला हे वेडच लागलं म्हणा ना. क्योगेन, नोह, आणि काबुकी म्हणजे जुन्या जपानी नाटकाचा आणखी एक प्रकार, परवडेल ते आणि झेपेल ते बघत गेले. आणि काबुकी बघायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली जी कोणी मला सांगितली नव्हती: ह्या नाटकांमध्ये लहान मुलं सारखी मरतात! आणि मरतात ती घराण्यासाठी.

'तेराकोया' घ्या, म्हणजे खेडेगावची शाळा, १७४६ साली बाहुलीनाट्यासाठी लिहिलेल्या एका लांब नाटकाचा हा भाग, नंतर काबुकीत आला. गुरुजींनी आपल्या जुन्या मालकाचा मुलगा शाळेत लपवून ठेवलाय, वरून हुकूम येतो त्याचं डोकं द्या. गुरुजी त्याच दिवशी आलेल्या एका नवीन मुलाला त्याच्या जागी मारतात. आणि डोकं ओळखायला जो अधिकारी आलेला असतो, मात्सुओमारू, तो ते कापलेलं डोकं बघतो आणि म्हणतो हो, हाच तो. तो नवीन मुलगा त्याचा स्वतःचा असतो, त्यानेच मुद्दाम पाठवलेला. दुसरं 'सेंदाई हागी', त्यात दाई मासाओका आपल्या छोट्या मुलाला शिकवून ठेवते की छोट्या मालकांसाठी आलेल्या खाऊत विष असेल असं वाटलं तर आधी तू खायचं. आणि तो खातो. धावत येऊन खातो, आणि आईच्या डोळ्यांसमोर त्याला मारतात आणि आईला तोंडावरची रेषही हलवता येत नाही.

ह्या मुलांची कामं करणारीही मुलंच असतात, बरेचदा त्याच नटांच्या घरातली. काबुकीत लहान मुलांची संवाद म्हणायची एक पद्धत आहे, उंच पट्टीत, एकाच सुरात, ओढून ओढून, भाव न घालता. पहिल्यांदा ऐकलं तर विचित्र वाटतं, शाळेत कविता घोकल्यासारखं. पण 'सेंदाई हागी'त भुकेने व्याकूळ झालेलं पोर त्याच एकसुरी आवाजात भूक लागली तरी मला काही होत नाही असं म्हणतं ना, तेव्हा पोटात कालवतं. कोणीतरी शिकवलेलं वाक्य ते मूल म्हणतंय हे त्या सुरातच ऐकू येतं. त्या पोराला नाटकातल्या आईने शिकवलंय आणि खऱ्या पोराला त्याच्या बापाने किंवा आजोबांनी शिकवलंय. मी तर म्हणते की ही नाटकं लिहिणाऱ्यांनी आणि तीनशे वर्षं करणाऱ्यांनी काही लपवून ठेवलेलं नाही. घर चालवायला मुलं लागतात आणि त्याची किंमत काय असते ते ते स्वतःच, स्वतःच्या मुलांना घेऊन, दर वर्षी लोकांसमोर मांडतात.

काबुकीतला सगळ्यात मोठा वारसा म्हणजे इचिकावा दांजुरो हे नाव. पहिल्या दांजुरोला १७०४ मध्ये नाटकगृहातच एका सहनटाने भोसकून मारलं, तेव्हापासून नाव चालत आलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये टोकियोतल्या गिन्झाच्या काबुकी-झा नाट्यगृहात तेराव्या दांजुरोंचा नामग्रहण सोहळा झाला, खरं तर तो मे २०२० ला व्हायचा होता पण कोरोनामुळे पुढे गेला. त्याच वेळी त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आठवा शिन्नोसुके झाला, हेही घराण्यात चालत आलेलंच नाव. हाच मुलगा २०१९ मध्ये, सहा वर्षांचा असताना, 'उइरो-उरी' करून गेला होता. त्यात औषध विकणाऱ्याचं एक प्रचंड लांब, जीभ वळता वळणार नाही असं भाषण आहे, जपानमध्ये रेडिओ-टीव्हीचे निवेदक उच्चारांचा सराव म्हणून ते म्हणतात, मोठमोठ्यांची तारांबळ उडते. सहा वर्षांच्या पोराने ते खणखणीत म्हंटलं.

टीव्हीवर हे असलं काही दाखवलं की शब्द एकच, रक्त. रक्तातच आहे, बापाचे डोळे, आजोबांचा आवाज. आणि इथे मला थोडं चिडायलाच होतं, कारण जरा मागे जाऊन बघितलं तर ते खरं नाही. नवव्या दांजुरोंना मुलगा नव्हता. १९०३ मध्ये ते गेले आणि स्टेजवर दांजुरो नावाचा माणूस परत उभा राहिला तो १९६२ मध्ये, एकोणसाठ वर्षांनी. मधला दहावा म्हणजे त्यांचे जावई, त्यांना ते नाव मृत्यूनंतर दिलं गेलं. आणि अकरावे दांजुरो दत्तक आलेले, जन्माने मात्सुमोतो कोशिरो घराण्यातले. आजचे तेरावे ह्या अकराव्यांचे नातू. म्हणजे ज्या गादीबद्दल एवढं रक्त रक्त करतात ती गादी दत्तकाने चालली. बांदो तामासाबुरो, स्त्रीभूमिका करणाऱ्यांमधलं सगळ्यात मोठं नाव, १९५० चे, ते काबुकीच्या घरात जन्मलेच नव्हते. लहानपणी पोलिओ झालेला, पायांसाठी म्हणून नाच शिकायला घातलं, आणि पुढे चौदावे मोरिता कान्या ह्यांनी त्यांना दत्तक घेतलं. आणि राष्ट्रीय नाट्यगृहाने १९७० पासून बाहेरच्या तरुणांना काबुकी शिकवायला सुरुवात केली, त्यातून तयार झालेले लोक नसतील तर आज मोठी नाटकं उभीच राहू शकणार नाहीत. नाव मात्र पोस्टरवर कोणाचं मोठं असतं ते सांगायला नको.

दत्तक जमतं, जावई चालतो, मेल्यावरसुद्धा नाव देता येतं, फक्त मुलगी चालत नाही. हे मला आजही गिळवत नाही. काबुकी सुरू केलं एका बाईने, इझुमोची ओकुनी, १६०३ च्या सुमाराला क्योतोत, आणि १६२९ मध्ये बायकांना स्टेजवरून काढलं ते काढलंच. कायदा कधीच गेला, रीत राहिली. काबुकीच्या घरातल्या मुली लहान असताना स्टेजवर येऊ शकतात, भावाबरोबर तेच शिकतात, तेवढाच घाम गाळतात, आणि मोठ्या झाल्या की त्यांचं येणं संपतं. तेराजिमा शिनोबू ही अभिनेत्री काबुकीतले मोठे नट सातवे ओनोए किकुगोरो ह्यांची थोरली मुलगी. धाकटा भाऊ किकुनोसुके झाला आणि २०२५ च्या मे महिन्यात आठवा किकुगोरो. तिने सिनेमात काम केलं, २०१० मध्ये बर्लिनला सर्वोत्तम अभिनेत्री ठरली. आपल्याला लहानपणापासून काबुकीच करायचं होतं हे तिने उघडपणे सांगितलंय. तिचा नवरा फ्रेंच, आणि त्यांचा मुलगा, अर्धा फ्रेंच, मे २०२३ मध्ये काबुकी-झात ओनोए माहोलो हे नाव घेऊन उभा राहिला. हे नाव आधी कोणाचंच नव्हतं, तो पहिलाच. त्यानंतर पाचच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, ती स्वतः काबुकी-झाच्या नाटकात काम करताना दिसली. पन्नाशी उलटल्यावर. मी तिकीट काढलं नव्हतं त्याची हळहळ अजून आहे.

क्योगेनमध्ये जरा बरं आहे, इझुमी जुन्को ही पहिली बाई व्यावसायिक क्योगेन नट म्हणून उभी राहिली, पण तिथेही गर्दी पुरुषांचीच.

माझ्या लेकीला मी हे सगळं सांगते तेव्हा ती म्हणते, आई, तू फार त्रास करून घेतेस. जपानीत म्हणते. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, हे आमचं दहाव्या वर्षापासून सुरू झालं. भिंतीपलीकडच्या आजींना आता एकाच बाजूचा आवाज ऐकू येत असणार.

मुलांना कधी आणि किती शिकवायचं ह्यावर सहाशे वर्षांपूर्वी झेआमीने लिहून ठेवलंय. नोहला आजचं रूप दिलं ते कानआमी आणि झेआमी ह्या बापलेकांनी. त्याचा 'फूशिकादेन' हा ग्रंथ सुरूच होतो वयाच्या टप्प्यांपासून. सातव्या वर्षी सुरुवात करा, जुन्या मोजणीने सातवं, म्हणजे आपलं सहाच्या आसपास. मूल आपणहून जे करतं ते करू द्या, हे चांगलं ते वाईट असं सारखं सांगू नका, फार टोकलंत तर त्याचं मन उडेल आणि कला तिथेच थांबेल. बारा-तेराचं झालं की ते काहीही केलं तरी सुंदरच दिसतं, पण ते त्या वयाचं फूल असतं, खरं फूल नव्हे, त्यावर विसंबू नका. आणि मग सतरा-अठरा. इथे तो जे लिहितो ते वाचून मला त्या मुलाचीच आठवण आली. आवाज फुटतो, उंची वाढते, शरीर बेढब होतं, कालपर्यंतचं फूल गेलेलं असतं. लोक हसतील. हसू द्यावं, आवाज पोचेल तेवढ्याच पट्टीत सकाळ-संध्याकाळ सराव करावा, आणि मनात एकच पक्कं धरावं की माझ्या आयुष्याची कसोटी हीच आहे, इथे सोडायचं नाही. इथे सोडलं तर सुटलंच.

हाच झेआमी पुढे असंही म्हणून ठेवतो की घर नुसतं आहे म्हणून घर होत नाही, कला पुढे नेली तरच ते घर. मुलगा असला तरी त्याला कला कळत नसेल तर त्याला ती देऊ नये. आणि त्याच्या नशिबात काय आलं, तर ज्याला सगळं दिलं तो मुलगा मोतोमासा १४३२ मध्ये त्याच्या हयातीतच गेला, दोन वर्षांनी सत्तरी ओलांडलेल्या झेआमीला सादो बेटावर हद्दपार केलं, आणि कान्झे घराणं पुढे चाललं ते पुतण्याच्या वंशातून.

तर २०२२. नोव्हेंबरच. दांजुरोंच्या सोहळ्याची सगळीकडे पोस्टर्स लागलेली, आणि आजींनी परत बेल वाजवली, आता ऐंशी पार, काठी घेऊन. परत सेंदागाया, परत तेच कुटुंब. ह्या वेळी मी लेकीलाही घेऊन गेले, ती यायला तयार झाली हेच खूप होतं. मुलगा तिच्याएवढाच, चौदा.

नाटक होतं 'बुसू'. जपानी मुलांच्या शाळेच्या पुस्तकात असतं हे, लेकीला गोष्ट माहीत होती. मालक बाहेर जाताना दोन नोकरांना सांगून जातो की ह्या भांड्यात बुसू नावाचं भयंकर विष आहे, त्याच्यावरून आलेला वारा लागला तरी माणूस मरतो, जवळ जाऊ नका. खरी तर आत साखर असते. नोकर थोडा वेळ घाबरतात, मग राहवत नाही, पंख्याने वारा उलटा घालत घालत भांड्यापर्यंत जातात, चाखतात, आणि सगळी फस्त करतात. मग मालकाला काय सांगायचं म्हणून त्याचं मौल्यवान चित्र फाडतात, वाडगा फोडतात, आणि तो आल्यावर रडत बसतात, की धनी, तुमच्या वस्तू आमच्या हातून मोडल्या म्हणून मरायचं ठरवलं, विष खाल्लं, एक घास खाल्ला तरी मरेना, दोन घास खाल्ले तरी मरेना.

वडील तारो काजा, थोरला नोकर. मुलगा जिरो काजा, धाकटा. मालकाचं काम दुसऱ्या कोणी केलं. आणि आजोबा कुठे, तर स्टेजच्या मागच्या बाजूला, पाइनच्या झाडाखाली, काळा किमोनो घालून गुडघे मुडपून बसलेले. कोकेन म्हणतात त्या माणसाला. सामान आणून देणं, पोशाख नीट करणं, कोणी अडलं तर सांभाळून घेणं हे त्याचं काम. बहुतेक वेळ तो फक्त बसून असतो. प्रेक्षकांनी त्याच्याकडे बघायचं नसतं. मी मात्र त्यांच्याकडेच बघत होते.

मुलगा केवढा उंच झाला होता. हात कुठे ठेवायचे ते त्या हातांनाच कळत नसल्यासारखे. मालकाने हाक मारली आणि तो "हाऽ" म्हणाला आणि आवाज फाटला. अगदी पहिल्याच शब्दाला. माझ्या शेजारी लेक एकदम ताठ झाली, ते मला जाणवलं.

मग ते वारा घालत घालत पुढे जाणं आलं. एकाने म्हणायचं घाल वारा, घाल, दुसऱ्याने म्हणायचं घालतोय, घालतोय, एक म्हणतो आणि दुसरा परत करतो, पाय न उचलता सरकत सरकत. वडिलांचा आवाज भरलेला, घंटेसारखा, आणि त्याला उत्तर देणारा हा आवाज, मध्येच खाली पडतोय, मध्येच चिरकतोय, पण थांबत नाहीये, ठरलेल्या जागी ठरलेला श्वास घेऊन परत येतोय. वडिलांनी स्वतःची पट्टी खाली आणली नाही की वेग कमी केला नाही. मला आधी तो निष्ठुरपणा वाटला. नाटक पुढे गेलं तसा नाही वाटला, का ते नीट सांगता येणार नाही, पण त्यांनी जरा जरी हळू घेतलं असतं तर मुलाचा अपमान झाला असता असं काहीतरी.

शेवटी दोघं मालकासमोर रडतात ते आलं. ठरलेलं रडणं, हात डोळ्यांपाशी, तो आवाज. वडिलांचं रडणं सुरेख, गोल, आणि मुलाचं रडणं मध्येच फुटलं आणि खरोखरच कोणी रडावं तसा आवाज बाहेर आला, आणि सगळं थिएटर हसलं. खूप हसलं. नाटक विनोदीच आहे, तिथे हसायचंच असतं. तो बोलत राहिला. एक घास खाल्ला तरी मरेना, दोन घास खाल्ले तरी मरेना. मागे आजोबा तसेच बसून होते, नजर खाली, गुडघ्यांवर हात.

हे क्योगेन संपतं ते पळापळीने, मालक ओरडत मागे लागतो, सोडणार नाही, सोडणार नाही, आणि नोकर त्या लांब पुलावरून पळून जातात. शेवटी मुलगाही पडद्याआड गेला. टाळ्या वाजत होत्या. स्टेजवर विषाचं ते भांडं, म्हणजे काळं लाखेचं उंच गोल पिंप, तेवढं राहिलं होतं.

आजोबा उठले. उठायला वेळ लागला, एक हात जमिनीला टेकवावा लागला. पुढे आले, रिकामं पिंप दोन्ही हातांनी उचललं, आणि मागच्या कोपऱ्यातलं ते लहानसं दार असतं ना, वाकून जावं लागतं ते, त्यातून आत गेले.

लेक म्हणाली, "आई, थांबूया ना जरा."

मराठीत म्हणाली.